साजाटोल्याचं खोल पाणी आणि आमच्या सासूबाई

टिंकू आठ महिन्यांचा असताना मी कामावर परत रुजू झाले, आणि पहिल्याच पंधरवड्यात साहेबांनी साजाटोल्याची पंप-चाचणी माझ्या टेबलावर आणून ठेवली. साजाटोला सालेकशाच्या पुढे, दरेकशाच्या डोंगराच्या पायथ्याशी, तीस-बत्तीस घरांचा. डोंगरात वर जो लालसर वालुकाश्म दिसतो तोच तिथे जमिनीखालीही पसरला आहे. त्यात आमच्या भूजल ऑफिसनं दोनशे मीटरची बोअर मारली होती, आणि एकशे चाळीस मीटरवर दगडाच्या भेगांमध्ये पाणी लागलं होतं. पाणी आहे एवढं कळलं होतं. ते शेतीला पुरेल का, उपसलं तर टिकेल का, हे सांगणं माझ्याकडे आलं.

अडचण एकच होती. टिंकू अंगावर पितो. बाटली तोंडाला लावली की तो ती इतक्या लांब भिरकावतो की त्याच्या बाबांना आतापासूनच क्रिकेटची स्वप्नं पडायला लागली आहेत. चाचणी सकाळी सात ते संध्याकाळी पाच, मध्ये पंप क्षणभरही बंद करायचा नाही.

"मी येतो संगं," आमच्या सासूबाई म्हणाल्या. "तू पानी मोज, मी पोरगा सांभारतो."

त्यांचं नाव सत्यभामाबाई, मी त्यांना आई म्हणते. घरात त्या पोवारीत बोलतात, कुडव्याच्या किराणा दुकानात हिंदीत भांडतात आणि मला काही समजावून सांगायचं असलं की झाडीबोलीत येतात, म्हणजे दिवसातला बहुतेक वेळ. त्या बोलीत बाईही 'मी येतो' म्हणते. त्यांचं माहेर चोरखमाऱ्याच्या तलावाखालचं. नहराच्या पाण्याची पाळी आली की घरातलं लहानमोठं सगळं फावडं घेऊन बांध्यांवर, म्हणजे धानाच्या खाचरांवर, अशा घरात त्या वाढल्या. अजूनही कुठं नळ गळताना दिसला की त्या आधी त्याच्याखाली बादली ठेवतात आणि मग घरमालकाला हाक मारतात.

तर जानेवारीतल्या एका कडक थंडीच्या सकाळी ऑफिसच्या जीपमधून आम्ही साजाटोल्याला उतरलो. मी, आई, टिंकू, पंप चालवणारा टिकेश, आणि टिंकूच्या लंगोटांचं एक गाठोडं, जे जनरेटरच्या खालोखाल जड होतं.

खेमराज उईके बोअरपाशी शेकोटी करून बसलेच होते. टोल्यातल्या एकोणीस शेतकऱ्यांनी गट केला होता, त्याचे ते प्रमुख. पन्नाशीचे, बारीक, डोक्याला मफलर. चाचणीत पाणी टिकलं तर बोअर गटाच्या ताब्यात मिळणार होती.

"म्याडम, सांजपर्यंत मालूम पडंल ना?"

"साधारण पडेल, भाऊ. घाई आहे का?"

"घाई म्हंजे?" ते हसले. "जानेवारी चाल्ला. उन्हारी धान लावाचा तं रोपायचे पऱ्हे ह्याच आठवड्यात टाकाले लागते. तुमी हो म्हटलं का मी बियानं भिजवतो. मी भिजवलं का सारा टोला भिजवते. चोरखमाऱ्याचे लोकं वर्षातून दोनदा धान घेतेत. आमी एकदा धान घेतो अन् उरलेले दिवस पाहुनपन करतो."

ही शेवटची गोष्ट त्यांनी आईंकडे बघून म्हटली, कारण चोरखमाऱ्याचं नाव आईंनी उतरल्या उतरल्या दोनदा घेतलं होतं.

"पाहुनपनाले येत जा आमच्याकडं," आई म्हणाल्या. "दोनदा जेवाले घालू."

मी खेमराजभाऊंना सगळं नीट समजावून सांगितलं. पंप दिवसभर एकाच वेगानं चालणार. आतलं पाणी किती खाली जातं ते मी मोजणार. भराभर खाली गेलं तर खाली साठा थोडा. जाऊन एका ठिकाणी थांबलं तर खालून तितकंच नवीन येतंय असं समजायचं. आणि उपसलेलं पाणी निळ्या पाइपानं दोनशे मीटर लांब नाल्यात सोडायचं, म्हणजे ते परत खाली जिरून हिशेब बिघडवणार नाही. त्यांनी मान डोलावली. टिकेशनं पाइप अंथरला. मी नाल्यापर्यंत चालत जाऊन त्याचं टोक दगडांत बसवून आले. एवढं सगळं मी केलं. फक्त आईंना सांगायचं राहिलं. टिंकूला सांभाळायला आलेल्या बाईंना पाइपाबद्दल काय सांगायचं, असं तेव्हा वाटलं होतं.

सातला पंप सुरू झाला. पातळी मोजायचा आमचा टेप म्हणजे पिवळ्या फितीची मोठी चकरी, टोकाला पितळेचा लहानसा लोलक. लोलक पाण्याला टेकला की वर चकरी 'पीं' करते. सुरुवातीला दर मिनिटाला मोजायचं असतं. पहिल्या 'पीं'ला टिंकू दचकला. दुसऱ्याला हसला. दहाव्याच्या आधीच तो स्वतः 'ईं' म्हणायला लागला आणि त्यालाच 'पीं' समजून मी दोन आकडे चुकीचे लिहिले, ते खोडावे लागले.

"पानी मोजते का त्याचा ताप पाह्यते?" आईंनी विचारलं. "घडीघडी टोचून राहिली बिचाऱ्याले."

"पहिल्या तासात जवळून बघावं लागतं, आई."

"आमच्या नहरावर एक पाटकरी होता. तो पान्यात पाय टाकून सांगे, इतकं हाये म्हनून. त्याले चकरी नोती लागत."

"मग त्याला बोलवायचं का?"

"तो मेला. नाईतं तुले नोकरी कुठून भेटली असती?"

पुढं नोंदी पाच मिनिटांनी, मग दहा, मग तीस. मला या तीस मिनिटांची फार आशा असते. एक आकडा लिहायचा, मोहाच्या झाडाला लुगड्याची झोळी बांधलेली तिथे जायचं, टिंकूला घ्यायचं, पदराआड धरायचं, आणि पुढच्या आकड्याच्या दोन मिनिटं आधी त्याचं तोंड अलगद सोडवायचं. तो सोडत नाही. डोळे मिटलेले, एक हात माझ्या कानात घातलेला, आणि मी घड्याळाकडे बघतेय. त्या दिवशी त्याच्या टाळूला शेकोटीच्या धुराचा वास येत होता. मी दोन मिनिटांच्या ऐवजी एकच मिनिट आधी उठले आणि धावले.

खोल भेगांतलं पाणी दाबानं बोअरमध्ये वर चढून सुरुवातीला अकरा मीटरवर उभं होतं. तासाभरात वीसवर गेलं. दहा वाजेपर्यंत अठ्ठावीस, साडेदहाला एकोणतीस. खेमराजभाऊ माझ्या तोंडाकडे बघत होते आणि माझं तोंड फार काही लपवू शकत नाही.

साडेअकराला एकोणतीस मीटर चाळीस सेंटिमीटर. बाराला तेवढंच. साडेबाराला तेवढंच.

मी टेप वर ओढून लोलक पुसला. पुन्हा सोडला. पीं. तेवढंच.

"थांबलं?" खेमराजभाऊ उभे राहिले.

"थांबल्यासारखं दिसतंय," मी म्हटलं. आलेखाच्या कागदावर ठिपके मांडले. सकाळपासून घसरत आलेली रेघ पायऱ्या उतरून अंगणात पोचल्यासारखी सपाट झाली होती. इतक्या खोल, इतक्या जुन्या दगडात असं दिसणं म्हणजे कुठंतरी मोठी भेग लागली आणि तिनं हात दिला, असाच अर्थ निघतो. मला फार आनंद झाला. बाळंतपणानंतरची माझी पहिली चाचणी आणि ती अशी! एकला मोजलं तर पाणी उलट दोन सेंटिमीटर वर आलं होतं. तिथं मला जरा अडखळल्यासारखं झालं. पंप चालू असताना पाणी वर कशाला येईल? पण माणूस आनंदात असला की दोन सेंटिमीटर सोडून देतो.

मागे वळून बघते तर खेमराजभाऊ टोल्याच्या वाटेला लागले होते, जवळजवळ पळतच.

अडीचची नोंद झाली आणि मी टिंकूला बघायला गेले. झोळी रिकामी. आई नाहीत, खेमराजभाऊंच्या पत्नी मुन्नीबाई सकाळपासून आईंसोबत होत्या, त्याही नाहीत. इकडेतिकडे बघितलं तर साठ-सत्तर पावलांवर खेमराजभाऊंच्या विहिरीच्या काठाला आमच्या टिंकूचे सगळे लंगोट ओळीनं वाळत घातलेले. स्वच्छ, पांढरे, मी धुते त्यापेक्षा पांढरे. मी हसतच तिकडे निघाले. पण चालता चालता मनात आलं, विहिरीवर ना मोटर ना दोर, मग इतकं पाणी ओढलं कुणी?

विहिरीपाशी गेले. टिंकू मुन्नीबाईंच्या कडेवर बसून खाली बघत आनंदानं किंचाळत होता. आणि आमचा निळा पाइप, ज्याचं टोक मी सकाळी नाल्यातल्या दगडांत बसवलं होतं, तो विहिरीच्या काठावरून आत सोडलेला होता. आत धबधबा.

"आई!"

"काय झालं वो? ओरडते कायले, लेकरू दचकते ना." लेकरू अजिबात दचकलेलं नव्हतं. "पाह्य, कसं चांगलं जागी लावलं. तू तिकडं पीं-पीं करत बसली, अन् इकडं इतकं सोन्यासारखं पानी नाल्यात चाल्लं. मी मुन्नीले म्हटलं, धर वो बाई पाइपाचं शेपूट."

"कधी?"

"टिंकू झोपला तवा. अकराच्या आंगमांग."

मुन्नीबाईंना माझा चेहरा बघून काहीतरी बिघडल्याचं कळलं असावं. त्या घाईनं म्हणाल्या, "तुमच्याच लोकायनं शिबिरात सांगलं होतं ना जी? वाह्यतं पानी विहिरीत सोडा, जमीन पेते, मंग तुमालेच वापस देते. मले तं बराबर उत्तर देल्लं म्हनून डबा भेटला होता. तीन खनाचा."

"बरोबरच सांगितलं होतं, बाई. ते पावसाच्या पाण्याचं." मी विहिरीत वाकून बघितलं. इतकं पाणी पडतंय तरी विहीर भरत का नव्हती? "या विहिरीच्या तळाला बोअर आहे का?"

"हाये ना. आडवी नाई, उभीच. तीनशे फुटाची. पह्यले पानी राह्ये, मंग आटलं."

तीनशे फूट, म्हणजे त्याच वालुकाश्मात. मी तिथंच लंगोटांच्या शेजारी बसले. बोअरमधून उपसलेलं पाणी साठ-सत्तर पावलांवरून पुन्हा त्याच दगडाच्या पोटात जात होतं, आणि मी ते मोजून आनंदानं सपाट रेघ ओढत होते.

आईंना समजायला वेळ लागला नाही. शेतातल्या बाईला पाणी समजावून सांगावं लागत नाही, फक्त कुठून कुठं ते दाखवावं लागतं.

"म्हंजे," त्या सावकाश म्हणाल्या, "तू पाहून राहिली का पान्याचा गंज किती लवकर रिकामा होते. अन् मी मांगून त्याच गंजात ओतून राहिलो."

"हो."

"अन् त्या खेमराजनं पाह्यलं का गंज भरलाच हाये."

"हो, आई."

मुन्नीबाईंनी तोंडावर हात ठेवला. "ते तं बियानं भिजवाले गेले!"

मी टिकेशला पंप बंद करायला सांगितलं. तोवर आईंनी टिंकूला कडेवर घेतलं आणि त्या चालायलाही लागल्या. मी म्हटलं, मी सांगते. त्या वळल्यासुद्धा नाहीत. "चूक माही हाये. तू फक्त आकडे सांग."

खेमराजभाऊंच्या अंगणात दोन प्लास्टिकचे ड्रम भरलेले होते आणि ते बाह्या वर करून दोन्ही हातांनी धान ढवळत होते. वर आलेलं पोचट चाळणीनं काढून बाजूला टाकत होते. आम्हाला बघून त्यांना वाटलं पेढे मागायला आल्या.

आईंनी एका दमात सांगून टाकलं. पाइप, विहीर, गंज. काही मिळवलं नाही, काही वगळलं नाही. टिंकू मधूनमधून 'ईं' म्हणत होता.

खेमराजभाऊंचे हात ड्रममध्येच राहिले. "मी माह्या डोऱ्यानं पाह्यलं. पानी हटलं नाई."

"ते तुमचंच पाणी होतं, भाऊ, परत येत होतं," मी म्हटलं. "चाचणी पुन्हा करावी लागेल. दोन दिवस पाणी बसू द्यायचं आणि पुन्हा."

"अन् मंग पानी हटलं तं?"



 मग ते खाली बघतच म्हणाले, "कागदावर तं थांबलंच हाये ना, म्याडम? तुमी तसाच देऊन द्या. बोअर तं भेटंल. कोनाले काय मालूम पडते?"

खरं सांगायचं तर हे मी स्वतःला वाटेतच विचारलं होतं. रेघ सपाट होती. आकडे मी मनानं लिहिलेले नव्हते, टेपनं दाखवले तेच लिहिले होते. साहेबांनी पाठ थोपटली असती. आणि समोरचा माणूस कोपरापर्यंत ओल्या हातांनी, जन्मात पहिल्यांदा दुसरं पीक घ्यायला उभा होता. 

"धानाले मालूम पडते," आई म्हणाल्या. "मार्चात मालूम पडते. लोंबी निंगाच्या टायमाले. एकोनीस घरचं."

खेमराजभाऊंनी हात बाहेर काढले, मफलरला पुसले आणि मुन्नीबाईंकडे बघितलं. "तुह्या तीन खनाच्या डब्यानं घात केला."

"डब्याले काऊन बोलता? तुमीच तं रोज डबा घेऊन जाता त्यात!"

भिजलेल्या धानाला अजून मोड यायचे होते. घरचं बियाणं, औषध लावलेलं नव्हतं. मुन्नीबाईंनी त्याच संध्याकाळी चूल मोठी केली, धान भाजून कुटायला घेतलं आणि दोन दिवस सगळा साजाटोला गरम पोहे खात होता. एकट्या खेमराजभाऊंनी ते तोंडाला लावले नाहीत, असं मला मागून कळलं.

तिसऱ्या दिवशी पुन्हा सातला पंप सुरू केला. या वेळी पाइपाचं टोक नाल्यात, आणि टोकापाशी दगडावर आई, हातात काठी. एक म्हैस पाणी प्यायला आली तिला त्यांनी हाकललं. मी म्हटलं, म्हशीनं प्यायलं तर चालेल. "तुहं काय सांगता येते," त्या म्हणाल्या. "परवा मले वाटलं का लंगोट धुतले तं चालते."

खेमराजभाऊ दिवसभर माझ्याजवळ बसले. आकडे मी मोजायचे आणि वही त्यांनी लिहायची, हे त्यांनीच ठरवलं. अकरा. वीस. अठ्ठावीस. साडेअकराला तीस. एकला तेहतीस. मी टेप सोडला की ते श्वास धरायचे आणि 'पीं' झालं की सोडायचे. तीनला सदतीस. पाचला एक्केचाळीस, आणि रेघ अजून उतरतच होती. पंप बंद केला. आता उलटं मोजायचं, पाणी परत किती वर येतं ते.

दुसऱ्या दिवशी सकाळी आम्ही पोचलो तेव्हा खेमराजभाऊ बोअरपाशी उभेच होते. टेप मी त्यांच्याच हातात दिला. पीं झालं सतरा मीटरवर.

"अकरावर होतं ना जी?"

"हो. सहा मीटर अजून यायचंय. खाली फार जुना दगड आहे, भाऊ. पाणी आहे, पण ते भेगांतून सावकाश येतं. रोज दिवसभर ओढलं तर ते पुरणार नाही."

"म्हंजे धान नाई."

"उन्हाळी धान नाही." हे वाक्य मी रात्रभर आधी मनात म्हणून बघितलं होतं, तरी तोंडातून निघताना जड गेलं. "पण ऐका. ऑक्टोबरात धान गाभ्यात असतो तेव्हा पाऊस दगा देतो ना?"

"मांगच्या साली देल्ला. निम्मं पोचट गेलं."

"तेव्हा एक पाणी सगळ्या एकोणीस घरांच्या धानाला नक्की बसतं. आळीपाळीनं, रोज पाच-सहा तास पंप, तीनेक आठवडे, मग बोअरला आराम. आणि उन्हाळ्यात दोन-तीन एकर मूग. अहवालात मी तेवढंच लिहिणार आहे. बोअर गटाला द्यावी असंही लिहीन, तेवढ्यासाठी."

खेमराजभाऊ टेपची चकरी हातात फिरवत राहिले. डोंगरावर ऊन यायला लागलं होतं.

"आळीपाळीनं," ते म्हणाले. "वरून सुरुवात कराची का खालून?"

"खालून," आई लगेच म्हणाल्या. "नहरावर शेवटच्याले आधी देतेत. नाईतं वरचा मानूस फावडं घेऊन बसते अन् खालचा रडत बसते."

"पन काकी, इथं बोअर वर हाये. वरच्या बांध्यातून गेल्याबिगर खाली जाईल कसं?"

"पाइपानं. इतका लांब निरा पाइप कायले आनला?"

"तो तं सरकारी हाये."

"मंग गटानं घ्या एक. अन् त्याच्या शेपटावर मानूस बसवा, मी सांगतो."

खेमराजभाऊंनी वही उघडली, कालच्या आकड्यांच्या खाली एक आडवी रेघ मारली आणि एकोणीस नावं लिहायला घेतली. पहिलं नाव लिहून थांबले, खोडलं, खालच्या बांधीवाल्याचं लिहिलं. मुन्नीबाई मागून म्हणाल्या, आपलं नाव कितवं? ते म्हणाले, आपली बांधी मधात हाये, मधातच येईल. त्या म्हणाल्या, मधात म्हंजे कितवं? मी टिंकूला घेऊन मोहाखाली बसले. आज तीस मिनिटांची घाई नव्हती, आणि भांडण निदान सातव्या नावापर्यंत चालणार होतं.